अर्धशिशीवर ॲक्युपंक्चर: बैठका, बिंदू, काढे आणि घ्यायची काळजी

सूचिका

अर्धशिशीसाठी सुया टोचून घ्याव्यात का, असं विचारलं की बहुतेक वेळा दोनच उत्तरं मिळतात. एक, "करून बघा, तोटा काहीच नाही." दुसरं, "सगळं थोतांड आहे." दोन्ही चुकीची आहेत. नेमकी माहिती एका जागी सापडावी म्हणून हा धागा काढते आहे. जाणकारांनी भर घालावी, चुकलं तर हक्काने दुरुस्त करावं.

आधी दुखणं कोणतं ते ठरवा. आपल्याकडे अर्धशिशी वर्षानुवर्षं 'पित्त' या नावाखाली खपून जाते. डोकं ठणकतं, मळमळतं, उलटी झाली की उतार पडतो, म्हणून घरात सगळे पित्ताच्या मागे लागतात. पण उलटी हा त्या झटक्याचाच एक भाग आहे, त्याचं कारण नव्हे. दुसरं फसवं नाव 'सायनस'. ताप नाही, नाकातून घट्ट पिवळा स्राव नाही, आणि कपाळ मात्र दर महिन्याला दुखतं, तर बहुतेकदा ती अर्धशिशीच निघते.

निदानाची मोजपट्टी अशी: असे किमान ५ झटके येऊन गेलेले हवेत. औषध न घेता झटका ४ ते ७२ तास टिकतो. एका बाजूला दुखणं, ठणका, मध्यम ते तीव्र वेदना, आणि जिना चढण्यासारख्या साध्या हालचालीने वाढणं, या चारपैकी दोन गोष्टी लागतात. त्याशिवाय मळमळ किंवा उलटी, नाहीतर उजेड आणि आवाज दोन्ही नकोसे होणं. महिन्यात १५ किंवा जास्त दिवस डोकं दुखत असेल, त्यातले किमान ८ दिवस अर्धशिशीचे असतील आणि हे तीन महिन्यांहून जास्त चाललं असेल, तर ती जुनाट अर्धशिशी.

आता मुद्द्याचं. ॲक्युपंक्चरचा भक्कम पुरावा झटके टाळण्यासाठी आहे. डोकं फुटायला आलेलं असताना धावतपळत जाऊन सुया टोचून घेण्यासाठी तो तितका नाही. म्हणून एका बैठकीवरून "उपयोग झाला" किंवा "नाही झाला" असं ठरवू नका. साधारण क्रम असा: आठवड्याला एक किंवा दोन बैठका, एकूण १० ते १२, पाच ते आठ आठवड्यांत. इंग्लंडच्या नाइस या संस्थेच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेत साधारण हेच प्रमाण आहे: टोपिरामेट आणि प्रोप्रॅनोलॉल (झटके टाळण्यासाठी रोज घ्यायची औषधं) दोन्ही चालत नसतील किंवा लागू पडत नसतील तर १० पर्यंत बैठका, ५ ते ८ आठवड्यांत. चीनमधल्या चाचण्यांत बैठका जास्त दाट असतात, चार किंवा आठ आठवड्यांत २०.

सुरू करण्याआधी चार आठवडे नुसती डोकेदुखीची वही ठेवा. तारीख, सुरू झाल्याची वेळ, किती तास, ० ते १० मध्ये किती, कोणती गोळी किती, पाळीचा दिवस, झोप, उपवास. ही वही नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे. सहाव्या बैठकीनंतर वही उघडून बघायची. दहाव्या बैठकीपर्यंत दुखण्याचे दिवस निदान तिसऱ्या हिश्श्याने तरी कमी झाले नसतील तर थांबायचं. "अजून दहा घ्या" असं कोणी म्हणालं तरी.

आकडेमोड

उत्तम सुरुवात. पुराव्याबद्दल थोडं सविस्तर, कारण जाहिरातींत याचीच सर्वांत जास्त मोडतोड होते.

कॉक्रेन ही संस्था एका विषयावरच्या सगळ्या चाचण्या एकत्र तपासते. तिच्या २०१६ च्या आढाव्यात २२ चाचण्या आणि ४,९८५ रुग्ण होते. 'दुखण्याचे दिवस निम्म्यावर येणं' हे यश धरलं, तर नेहमीच्या उपचारांच्या जोडीला ॲक्युपंक्चर घेणाऱ्यांत ते १०० पैकी ४१ जणांना मिळालं, न घेणाऱ्यांत १७ जणांना. खोट्या सुयांशी तुलना केली तर ५० विरुद्ध ४१. प्रतिबंधक औषधांशी केली तर तीन महिन्यांनी ५७ विरुद्ध ४६, आणि सहा महिन्यांनी ५९ विरुद्ध ५४, म्हणजे जवळपास बरोबरी.

यातला ४१ विरुद्ध १७ हा फरक जाहिरातीत येतो आणि ५० विरुद्ध ४१ हा टीकाकारांच्या लेखात. दोन्ही खरे आहेत, पण प्रश्न वेगवेगळे आहेत. पहिला म्हणजे "मी हा उपचार घेतला तर मला बरं वाटेल का?" दुसरा म्हणजे "नेमक्या त्याच बिंदूवर सुई टोचण्याला किती महत्त्व आहे?" पहिल्याचं उत्तर बऱ्यापैकी होकारार्थी आहे, दुसऱ्याचं "थोडंसं".

जर्मनीतल्या दोन मोठ्या चाचण्यांत तर खोट्या सुयाही जवळजवळ तितक्याच चालल्या. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३०२ रुग्ण होते: खऱ्या सुया ५१ टक्के, खोट्या ५३, आणि नुसते वाट बघणारे १५. २००६ च्या चाचणीत ४७, ३९, आणि औषधं घेणारे ४०. याउलट २०२० मध्ये चीनमधून आलेल्या १५० जणांच्या चाचणीत खऱ्या सुया स्पष्ट पुढे होत्या. तिथे आठ आठवड्यांत २० बैठका होत्या आणि पूर्वी कधीच ॲक्युपंक्चर न घेतलेले रुग्ण निवडले होते, म्हणजे खरी-खोटी सुई ओळखण्याची शक्यता कमी.

मज्जातंतू

आकडेमोड यांच्या मुद्द्याला पुरवणी. 'खोटी सुई' म्हणजे साखरेची गोळी नव्हे. एक प्रकार म्हणजे बिंदू सोडून दुसरीकडे उथळ टोचणं. दुसरा म्हणजे बोथट टोकाची, स्वतःच्याच दांड्यात मागे सरकणारी सुई, जी त्वचेला टेकते पण आत जात नाही. दोन्हींत त्वचेतल्या संवेदी तंतूंना चेतना मिळतेच. म्हणजे आपण उपचाराची तुलना अर्ध्या उपचाराशी करतो आहोत.

मानेत टोचलेल्या सुईचा कपाळाशी काय संबंध, हेही नेहमी विचारलं जातं. चेहरा, कपाळ आणि मेंदूचं आवरण यांच्या वेदना ट्रायजेमिनल नसेतून येतात. मानेच्या वरच्या तीन नसांतून येणारे संदेश मेंदूच्या देठाशी त्याच केंद्रकात मिसळतात. म्हणून अर्धशिशीत मान आखडते, आणि म्हणूनच मानेला दिलेली चेतना कपाळाच्या दुखण्यावर काही परिणाम करू शकते. त्यासाठी 'ची' (चिनी कल्पनेतली जीवनशक्ती) मानावी लागत नाही.

एक फार महत्त्वाची गोष्ट. आधी गोळ्या मोजा. ट्रिप्टान, अर्गोटामाइन (दोन्ही अर्धशिशीचा झटका थांबवायची औषधं) किंवा दोन-तीन औषधं एकत्र असलेली डोकेदुखीची गोळी महिन्यात १० दिवस, किंवा साधं पॅरासिटामॉल वा आयबुप्रोफेन १५ दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं असेल तर गोळ्यांमुळेच डोकं दुखत असण्याची शक्यता मोठी आहे. औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या अर्गोटामाइन-कॅफिनच्या गोळीने हे सर्रास होतं. गोळ्या तशाच चालू ठेवून सुया टोचल्या तर सुया 'अयशस्वी' ठरतात. प्रोप्रॅनोलॉल घेत असाल तर ते मात्र सुयांच्या भरवशावर अचानक बंद करायचं नाही. हळूहळू, डॉक्टरांच्या सांगण्यानेच.

चाफेकळी

सूचिकाताई, बिंदू कोणते वापरतात तेही लिहाल का? उपचारक काय करतोय हे कळलं तर प्रश्न विचारता येतात.

सूचिका

लिहिते. चिनी पद्धतीत पहिला प्रश्न असतो, डोकं कुठे दुखतं. शरीरावर वाहिन्या, म्हणजे बिंदू जोडणाऱ्या रेषा, मानलेल्या आहेत. कानशिलं आणि डोक्याची बाजू म्हणजे शाओयांग, अर्थात पित्ताशयाची वाहिनी. अर्धशिशी बहुतेक इथे बसते. कपाळ म्हणजे यांगमिंग, मागचा भाग ताइयांग, डोक्याचा माथा ज्वेयिन.

बाजूच्या दुखण्यासाठी नेहमीची निवड अशी (जीबी, एलआय वगैरे ही वाहिन्यांची इंग्रजी लघुनावं, पुढे बिंदूचा क्रमांक; त्सुन हे माप यादीनंतर सांगते):

फेंगची, म्हणजे जीबी २०. कवटीच्या मागच्या कडेखाली, मानेच्या दोन मोठ्या स्नायूंमधल्या खळग्यात.
शुआइगु, जीबी ८. कानाच्या शेंड्यापासून दीड त्सुन वर, केसांत. सुई त्वचेला जवळजवळ समांतर.
ताइयांग (वरच्या वाहिनीचंच नाव, पण हा वेगळा बिंदू). भुवईचं बाहेरचं टोक आणि डोळ्याचा बाहेरचा कोपरा यांच्या मधून एक त्सुन मागे.
वायगुआन, टीई ५. मनगटाच्या मागच्या घडीपासून दोन त्सुन वर, दोन हाडांच्या मधोमध.
झुलिनछी, जीबी ४१. पायावर, चौथ्या आणि पाचव्या बोटांची लांब हाडं जिथे मिळतात त्याच्या पुढच्या खळग्यात.
हेगु, एलआय ४, आणि ताइचोंग, एलआर ३. हाताच्या अंगठा-तर्जनीमधला आणि पायाच्या पहिल्या दोन बोटांमधला बिंदू. दोन्ही बाजूंचे मिळून चार होतात, त्यांना 'चार दरवाजे' म्हणतात.
मळमळ असेल तर नेइगुआन, पीसी ६. मनगटाच्या तळव्याकडच्या घडीपासून दोन त्सुन वर, स्नायूंच्या दोन दोऱ्यांच्या (कंडरांच्या) मध्ये.

त्सुन हे माप रुग्णाच्या स्वतःच्या अंगठ्याच्या सांध्याच्या रुंदीइतकं. चार बोटं एकत्र ठेवली की तीन त्सुन. आयुर्वेदातलं स्वांगुल-प्रमाण याच जातीचं, त्यामुळे आपल्याला हे परकं वाटू नये.

सुई साधारण ०.२५ मिमी जाडीची, २५ ते ४० मिमी लांब. २० ते ३० मिनिटं ठेवतात. टोचताना चिमटीसारखं वाटतं ते वेगळं, आणि नंतर जड, ताणल्यासारखं, दबल्यासारखं वाटतं ते वेगळं. त्या दुसऱ्याला 'दची' म्हणतात. ते हवं. वीज सळसळत गेल्यासारखं झालं तर सुई नसेला लागली आहे, लगेच सांगा, मागे घ्यायला लावा. "सहन करा, तेच औषध आहे" असं म्हणणाऱ्याकडून उठून या.

पहिली बैठक हलकी हवी. अर्धशिशीचा मेंदू कुठल्याही जोरदार चेतनेला बिथरतो. पहिल्याच दिवशी पंधरा-वीस सुया आणि जोरात फिरवणं झालं तर त्याच संध्याकाळी झटका येऊ शकतो, आणि रुग्ण परत येत नाही. सहा ते आठ सुया पुष्कळ झाल्या.

रानवारा

'यकृताचा यांग वर चढलाय' असं निदान ऐकलं की लोक यकृताच्या रक्ततपासण्या करून येतात. तपासणी चोख निघाली की एकतर उपचारक खोटा ठरतो नाहीतर प्रयोगशाळा. हा घोळ कसा मिटवायचा?

सूचिका

तिथलं 'यकृत' हा अवयव नाही, लक्षणांच्या एका गटाचं नाव आहे. आपल्या 'वात' शब्दात जसा वारा शोधत नाहीत तसंच. गट ढोबळमानाने असे: कानशिलं ठणकतात, चेहरा लाल, चिडचिड, नाडी तारेसारखी ताणलेली, म्हणजे यकृताचा यांग. डोकं ओल्या फडक्यात गुंडाळल्यासारखं जड, मळमळ, जिभेवर चिकट थर, म्हणजे कफ. इथे पोटरीवरचा फेंगलोंग, एसटी ४०, जोडतात. एकाच जागी सुई खुपसल्यासारखं, जीभ जांभळट, म्हणजे साकळलेलं रक्त. पाळी संपता संपता मंद दुखणं, थकवा, फिकट जीभ, म्हणजे रक्ताची उणीव. या शेवटच्या गटात मात्र हिमोग्लोबिन नक्की तपासा. या नावांवरून बिंदू ठरतात, इतकाच त्यांचा उपयोग. त्यावरून यकृताच्या तपासण्या करायचं कारण नाही.

देवदार

सुयांबद्दल पुरेसं झालं, मी काढ्यांबद्दल लिहितो, कारण खरा धोका तिथे आहे. सुईचा पुरावा काढ्याला लागू होत नाही. वर दिलेल्या सगळ्या चाचण्या सुयांच्या आहेत.

अर्धशिशीसाठी ऐकू येणारी नावं तीन. छुआनश्योंग छा थ्याओ सान हे सोंग राजवटीच्या सरकारी औषध-संहितेतलं आठ वनस्पतींचं चूर्ण, जेवणानंतर हिरव्या चहाबरोबर घ्यायचं. ते वारा लागून, सर्दीने दुखणाऱ्या डोक्यासाठी आहे. नाव 'डोकेदुखीचं औषध' म्हणून प्रसिद्ध असल्याने कोणालाही दिलं जातं, आणि ज्याचा 'यांग वर चढलाय' त्याला उष्ण पडतं. थ्यान्मा गोउथंग यिन हा त्या गटासाठीचा काढा. वू झू यू थांग हा कोरडे उमाळे, तोंडाला पाणी सुटणं आणि डोक्याचा माथा दुखणं यासाठी, सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच्या झांग झोंगजिंग यांच्या ग्रंथातला.

काढा करताना होणारी चूक: सगळं एकदम टाकून तासभर उकळणं. थ्यान्मा गोउथंगमध्ये शिंपला असतो, तो आधी २०-३० मिनिटं एकटा उकळायचा. गोउथंग ही आकड्यांची वेल शेवटच्या पाच-दहा मिनिटांत टाकायची, कारण तिचे गुणकारी अंश जास्त उकळल्याने मोडतात. भांडं मातीचं किंवा इनॅमलचं, लोखंडी नाही, ॲल्युमिनियमचंही नाही.

आता धोके.

श्यी शिन, म्हणजे ॲसरम. पहिल्या चूर्णात ही असते. हिच्यात ॲरिस्टोलोकिक आम्ल असतं, पानांत-देठांत जास्त, मुळात कमी. म्हणून २००५ पासून चीनच्या औषधकोशात फक्त मूळ आणि जमिनीखालचं खोड मान्य आहे. हे आम्ल मूत्रपिंडं कायमची निकामी करतं आणि मूत्रमार्गाचा कर्करोग घडवतं. १९९० च्या दशकात बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांत एका वनस्पतीच्या जागी चुकून हेच आम्ल असलेली ॲरिस्टोलोकिया ही वनस्पती आली आणि कित्येक स्त्रियांची मूत्रपिंडं गेली. चिनी नावं एकसारखी असल्यामुळे ती चूक झाली होती.

छुआनवू आणि फूझी, म्हणजे आपल्या बचनागाचे भाऊबंद. नीट शिजवले नाहीत तर हृदयाचे ठोके बिघडून माणूस दगावतो. ओठ-जीभ बधिर, मुंग्या, मग छातीत धडधड, हा क्रम दिसला की काढ्याचं भांडं आणि पुडी सोबत घेऊन थेट रुग्णालय.

छुआनश्योंग आणि दांगग्वे या वनस्पती वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाबरोबर नको, रक्तस्राव वाढू शकतो. गानचाओ म्हणजे ज्येष्ठमध, पुष्कळ काढ्यांत असतं. आठवडेच्या आठवडे घेतलं तर रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. गरोदरपणात थ्यान्मा गोउथंग घ्यायचा नाही, त्यात गर्भाशयावर काम करणारी यिमूचाओ आहे.

परदेशातून मागवलेल्या तयार गोळ्यांत न लिहिलेली वेदनाशामकं आणि स्टेरॉइड सापडल्याची उदाहरणं जगभर आहेत. "हर्बल आहे पण तासाभरात डोकं थांबतं" असं असेल तर संशय घ्या. घटक वाचता येत नसतील तर ती पुडी पोटात जाता कामा नये.

मज्जातंतू

देवदारांनी काढ्यांचं लिहिलं, मी सुयांकडे जायच्या आधी कोणी डॉक्टरकडे जायलाच हवं ते लिहितो. एका मिनिटात शिगेला पोहोचलेली, आयुष्यात कधी नव्हती अशी डोकेदुखी. ताप आणि ताठलेली मान. हातापायात शक्ती कमी, बोलणं अडखळणं. डोक्याला मार लागल्यानंतरची. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्याने सुरू झालेली. खोकल्याने, वाकल्याने वाढणारी.

आणि पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली कानशिलाची दुखी, केस विंचरताना डोकं दुखणं, चावताना जबडा भरून येणं. हा कानशिलातल्या धमनीचा दाह असू शकतो. तिथे ताइयांग बिंदूवर सुया टोचत दोन आठवडे घालवले तर डोळा कायमचा जाऊ शकतो. ईएसआर आणि सीआरपी या दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या त्याच दिवशी, स्टेरॉइडला उशीर नाही.

डोळ्यांपुढे झिगझॅग रेषा, चमक येऊन मग डोकं दुखत असेल, तर ती ऑरासह अर्धशिशी. अशा स्त्रियांनी इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेऊ नयेत, पक्षाघाताचा धोका वाढतो. ॲक्युपंक्चरशी याचा संबंध नाही, पण उपचारकाने हे विचारायलाच हवं.

चाफेकळी

सुयांनी प्रत्यक्ष काय बिघडू शकतं? "दुष्परिणाम शून्य" असं पाटीवर लिहिलेलं असतं.

सूचिका

ती पाटी चुकीची आहे. नेहमीचे: थोडं रक्त, निळा डाग (कानशिलावर सर्वांत जास्त, म्हणून सुई काढल्यावर तिथे कापूस एक-दोन मिनिटं दाबून धरायचा, चोळायचा नाही), पेंग, आणि पहिल्या बैठकीत घेरी. घेरी येते ती बहुतेक उपाशीपोटी आणि बसून टोचल्याने. एक-दोन तास आधी हलकं खाऊन जा, झोपूनच टोचून घ्या. एकादशी-चतुर्थीच्या निरंकार उपवासाला बैठक ठेवू नका. उपवासाने अर्धशिशी उठते ते वेगळंच.

सुई अडकली तर ओढायची नाही. स्नायू आवळल्यामुळे असं होतं. हालचाल थांबवायची, आजूबाजूला हलकं चोळायचं, दोन मिनिटांनी सहज सुटते.

गंभीर, पण टाळता येणारे: फेंगचीला सुईची दिशा नाकाच्या शेंड्याकडे हवी आणि खोली बेताची. वर आणि आत रोखून खोल घातली तर समोर मेंदूचा देठ आहे, बाजूला कण्याची धमनी. खांद्यावरच्या जीबी २१ ला सरळ खोल टोचलं तर फुप्फुसाला भोक पडतं. मान आखडली म्हणून हा बिंदू हमखास घेतला जातो. नंतर काही तासांत दम लागला, छातीत कळ आली तर एक्स-रे. गरोदरपणात हेगु, जीबी २१, घोट्याजवळचा एसपी ६ आणि बीएल ६० परंपरेने वर्ज्य आहेत. पेसमेकर असेल तर सुयांना वीज जोडू द्यायची नाही. केसांतल्या सुया विसरल्या जातात, म्हणून घालताना आणि काढताना मोठ्याने मोजायला सांगा.

सुया तुमच्या समोर सीलबंद पाकिटातून निघाल्या पाहिजेत आणि नंतर पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात गेल्या पाहिजेत. "तुमच्या नावाची डबी ठेवतो, उकळून वापरतो" हे चालणार नाही. हिपॅटायटिस बी अशाच सुयांनी पसरलेला आहे.

सोलापुरी

उपचारकाची नोंदणी बघायला विसरू नका. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखाली परिषद आहे, तिचा नोंदणी क्रमांक विचारा. केंद्राने २०१९ मध्ये याला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. दोन दिवसांच्या शिबिराचं प्रमाणपत्र म्हणजे नोंदणी नव्हे.

जाता जाता, ही विद्या भारतात येण्यामागे आमच्या सोलापूरचा धागा आहे. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. ते १९४२ मध्ये तिथेच वारले. त्याच पथकातले डॉ. बी. के. बसू पुढे पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात त्यांनी ते रुजवलं.

रानवारा

दोन प्रश्न. पाळीच्या वेळच्या अर्धशिशीला बैठका कधी घ्यायच्या? आणि घरी बिंदू दाबून काही होतं का?

सूचिका

पाळीच्या अर्धशिशीचा काळ म्हणजे पाळीच्या दोन दिवस आधीपासून तिसऱ्या दिवसापर्यंत. बैठका संपूर्ण चक्रभर ठेवायच्या आणि त्यातली एक पाळीच्या आधीच्या आठवड्यात नक्की यावी. तीन चक्रं तुलना करून मग ठरवायचं. या प्रकारापुरता पुरावा तोकडा आहे. चक्र नियमित असेल तर त्या पाच दिवसांपुरतं नॅप्रोक्सेन किंवा लांब टिकणारं ट्रिप्टान हा पर्याय डॉक्टरांशी बोलून आधी बघा.

घरी दाबायला नेइगुआन आणि हेगु सोपे. अंगठ्याने, जड दुखेल इतपत, दोन-तीन मिनिटं, दोन्ही हातांना. नेइगुआनने मळमळ कमी व्हायला मदत होते, ठणका थांबेल अशी आशा धरू नका. गरोदर असाल तर हेगु सोडा. मानेचा फेंगची दाबायचा तर उताणं झोपून, दोन्ही हातांची बोटं खाली ठेवून डोक्याच्या वजनाने दाबू द्या. दुसऱ्याने मान धरून झटका देणं अजिबात नको.

आणि झटका सुरू होताना गोळी घ्यायची तर पहिल्या तासात, पूर्ण मात्रेत. बिंदू दाबत बसून तो तास घालवू नका, नंतर पोट काम करेनासं होतं आणि गोळी अंगी लागत नाही.

आकडेमोड

वहीबद्दल एक सूचना. 'दुखण्याचे दिवस' आणि 'गोळीचे दिवस' असे दोन वेगळे रकाने ठेवा आणि महिन्याची बेरीज २८ दिवसांची करा, कॅलेंडरच्या महिन्याची नको. जानेवारी आणि फेब्रुवारीची तुलना केली तर उगाच सुधारणा झाल्यासारखी वाटते, कारण फेब्रुवारीचे दिवसच कमी. शिवाय लोक उपचाराला येतात ते सर्वांत वाईट महिन्यानंतर, आणि त्यानंतरचा महिना तसाही थोडा बरा जातो. म्हणून सुरुवातीचे चार आठवडे बिनउपचाराचे मोजलेले असणं एवढं गरजेचं.

चाफेकळी

रकाने आखून घेतले. पाळीचा दिवस 'पा१, पा२' असा, आणि आधीचे दिवस उलटे, 'पा-१, पा-२', असं लिहिलं तर चालेल ना?

आकडेमोड

चालेल, उत्तमच. फक्त आधीचे दिवस पाळी आल्यावर मागे जाऊन भरायचे, अंदाजाने आधी लिहायचे नाहीत.